दुसऱ्या बॅचचं दुखणं

आमच्या औषधाच्या प्लँटवर एका मालाच्या रोज दोन बॅचेस निघत. कच्चा माल एकाच लॉटचा, सॉल्व्हंट एकाच टाकीतलं, दोन्ही रिॲक्टर शेजारी शेजारी, काचेचं अस्तर असलेले, ६,३०० लिटरचे. थंड करण्याचा वेगही दोन्हींना सारखाच. तरी पहिली बॅच फिल्टरवर घेतली की साडेचार तासांत मदर लिकर, म्हणजे क्रिस्टल पडल्यावर उरलेलं द्रावण, निथळून जाई आणि दुसरी अकरा-अकरा तास अडून बसे. फिल्टरवर बसलेल्या मालाच्या थरावर, म्हणजे केकवर, लिकरचं तळं साचलेलं. नायट्रोजनचा दाब वाढवावा तर केक आणखी दबे आणि निथळणं आणखी मंदावे.

औषधाच्या कारखान्यात गाळायला उशीर होतो तेव्हा वाया जातो तो फक्त वेळ नाही. लिकर जितकं केकमध्ये अडकतं, तितकी त्यात विरघळलेली अशुद्धी मालाबरोबर पुढे सरकते. धुलाईचं सॉल्व्हंट जिथे वाट मोकळी आहे तिथून निसटतं, बारीक गाळ दाटलेल्या जागी पोहोचतच नाही. दुसऱ्या बॅचची अशुद्धी मर्यादेच्या आत येई, पण काठाकाठाने. मी तिथे प्रोसेस इंजिनिअर होते आणि तपास माझ्याकडे आला. कारखान्याचं आणि मालाचं नाव इथे देत नाही. हे दुखणं ज्या कुठल्या प्लँटवर दोन रिॲक्टर आणि एकच फिल्टर आहे, तिथे भेटू शकतं.

पहिले तीन आठवडे आम्ही चुकीच्या जागी शोधत राहिलो. फिल्टरचं कापड बदललं. सॉल्व्हंटमधलं पाणी तपासलं. सीडचा, म्हणजे क्रिस्टल पडायला सुरुवात व्हावी म्हणून टाकायच्या बीज-दाण्यांचा, नवा लॉट घेतला. दुसऱ्या रिॲक्टरच्या थर्मामीटरचं कॅलिब्रेशन करून घेतलं, कारण दुसरी बॅच बहुतेक त्याच रिॲक्टरमध्ये असे आणि सगळ्यांचा संशय त्याच्यावर होता. फरक काही पडला नाही.

मग एका रात्रपाळीत आमचे ऑपरेटर काका म्हणाले, "मॅडम, दोष रिॲक्टरचा नाही, नंबराचा आहे. मेंटेनन्सच्या आठवड्यात दोन नंबरचा रिॲक्टर आधी चालवला होता, तेव्हा एक नंबरचा माल अडला. जी बॅच थांबते, ती अडते."

मी त्याच रात्री बॅच रेकॉर्ड काढून बसले. कुलिंग संपल्याची वेळ आणि फिल्टरवर घेतल्याची वेळ, एवढे दोनच रकाने पाहिले. काकांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. फिल्टर म्हणजे आमचा एएनएफडी, त्यातच गाळायचं, धुवायचं आणि सुकवायचं. पहिली बॅच त्यात सुकत असेपर्यंत दुसरी रिॲक्टरमध्ये वाट पाहत राही. थंड झालेली, क्रिस्टल पूर्ण तयार असलेली स्लरी, ॲजिटेटर (ढवळणारं पातं) चालू, आणि खालची लाइन चोक होऊ नये म्हणून पंपाने फिरवत ठेवलेली. कधी आठ तास, कधी बारा. रेकॉर्डमध्ये या काळासाठी एकच ओळ होती: "होल्ड, ढवळणे चालू." त्या ओळीकडे कुणाचं लक्ष जावं असं तिच्यात काहीच नव्हतं.

पुढच्या दुसऱ्या बॅचचा दर दोन तासांनी नमुना घेतला. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. स्लरीचा थेंब उबदार काचपट्टीवर टाकला तर क्रिस्टलच्या कडा तिथेच विरघळतात आणि ढवळण्यामुळे झिजल्यासारख्या दिसतात. म्हणून काचपट्ट्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या. वर दुसरी काच ठेवून दाबली की लांब क्रिस्टल मोडतात, म्हणून वर काच ठेवलीच नाही. थेंब त्याच लिकरमध्ये, उघडाच, आणि भराभर पाहायचं.

कुलिंग संपल्यावरचा नमुना पाहून बरं वाटलं. काडीसारखे लांब क्रिस्टल, टोकं सरळ, कडा रेखीव. चार तासांनी टोकं गोलसर झाली होती, पेन्सिल बोथट व्हावी तशी. दहा तासांनी निम्म्या लांबीचे तुकडे जास्त आणि अख्ख्या काड्या कमी दिसत होत्या, आणि मधल्या सगळ्या जागेत पीठ भुरभुरल्यासारखा बारीक चुरा.

माझे वडील साखर कारखान्यात पॅनमन होते. आमच्या घरी क्रिस्टल हा शब्द नव्हता, 'दाणा' होता. पॅन उकळत असताना ते प्रूफ स्टिक आत सारून नमुना काढत, काचेवर पसरत आणि दिव्यासमोर धरत. लहानपणी हंगामात त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा ती काच माझ्याही हातात देत. "दाणा एकसारखा दिसला पाहिजे. मध्येच बारीक चमचम दिसली की समज, मशीनवर मळी सुटायची नाही." सेंट्रिफ्युगल मशीनवरची मळी आणि माझ्या फिल्टरवरचं मदर लिकर ही एकच गोष्ट आहे, हे मला मायक्रोस्कोपमधून तो चुरा पाहताना पहिल्यांदा नीट उमगलं.

बारीक कण दोन मार्गांनी येतात आणि त्यांतला फरक ओळखावा लागतो. एक, नवे जन्मलेले. दुसरे, मोडलेले. द्रावण अतिसंपृक्त असताना, म्हणजे त्यात मावतो त्याहून जास्त माल विरघळलेला असताना, क्रिस्टल ॲजिटेटरच्या पात्याला नुसता घासला तरी त्यातून नवी बीजं सुटतात. क्लॉन्ट्झ आणि मॅकेब यांनी १९७१ मध्ये मॅग्नेशियम सल्फेटच्या क्रिस्टलवर हे दाखवलं होतं: धक्क्याची ऊर्जा वाढवली की सुटणारी बीजंही वाढतात. अशा बीजांना वाढायला द्रावणात माल शिल्लक असतो, म्हणून ती लहान पण घाटदार दिसतात. मोडलेला तुकडा ओबडधोबड असतो. पण इथे एक चकवा आहे. अतिसंपृक्त द्रावणात मोडलेली बाजूही पुन्हा भरून येते, जखम भरावी तशी. म्हणजे कुलिंग चालू असताना होणारी मोडतोड निदान काही अंशी झाकली जाते. कुलिंग संपून द्रावण संपृक्ततेवर स्थिरावलं की वाढ थांबते, भरून येणंही थांबतं, आणि मोडणं तेवढं चालू राहतं. आमची दुसरी बॅच नेमकी याच अवस्थेत दहा-दहा तास फिरत होती.

चुरा थोडासाच असला तरी गाळणं इतकं का अडतं, हा प्रश्न प्रॉडक्शनच्या मीटिंगमध्ये आला. केकमधून लिकर वाहायला होणारा अडथळा कणाच्या आकाराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. आकार निम्मा झाला की अडथळा चौपट. शिवाय चुरा मोठ्या दाण्यांमधल्या पोकळीत जाऊन बसतो. पोकळी ४५ टक्क्यांवरून ३५ वर आली, तर कोझेनी-कारमनच्या सूत्राप्रमाणे केवळ तेवढ्यानेच वाट सुमारे एक-तृतीयांश उरते. हे दोन्ही एकाच वेळी घडतं.

आता ढवळण्याकडे. मी ॲजिटेटरचं नाव काढताच मिळालेलं उत्तर अजून आठवतं: "लॅबमध्ये ३०० आरपीएमला काही होत नाही, आपण तर ९० वरच चालवतो." हे वाक्य मी त्याआधी स्वतःही बोलले असेन. म्हणून त्याचा हिशेब सगळ्यांसमोर फळ्यावर मांडला. लॅबच्या दोन लिटरच्या भांड्यातला ॲजिटेटर ६ सेंटिमीटर व्यासाचा. ३०० आरपीएमला त्याच्या पात्याचं टोक सेकंदाला ०.९४ मीटर वेगाने फिरतं. प्लँटवरचा ॲजिटेटर १ मीटर व्यासाचा. ९० आरपीएमला त्याचं टोक सेकंदाला ४.७१ मीटर. म्हणजे प्लँटवरचं पातं लॅबच्या पाचपट वेगाने क्रिस्टलवर येऊन आदळतं, आणि धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे पंचवीसपट. आरपीएम हा आकडा मोटरसाठी ठीक आहे. क्रिस्टलला आरपीएम कळत नाहीत, त्याला पात्याचं टोक लागतं.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. धक्क्याची ऊर्जा क्रिस्टलच्या वजनावरही अवलंबून असते. लांबी-रुंदी-जाडी दुप्पट झाली की वजन आठपट. बारीक क्रिस्टल द्रवाच्या प्रवाहाबरोबर पात्याला वळसा घालून निघून जातो. मोठा जड असतो, त्याला वळता येत नाही, तो आदळतो. म्हणजे आपण तासन् तास मेहनत करून दाणा जितका मोठा करतो, तितका तो मोडायला सोपा होत जातो. उलट दाणा तळाशी बसू नये यासाठी लागणारा वेग त्याच्या आकाराबरोबर फारच थोडा वाढतो. झ्वीटरिंग या डच इंजिनिअरने १९५८ मध्ये दिलेल्या सूत्रात कणाच्या आकाराचा घातांक फक्त ०.२ आहे. आकार दुप्पट झाला तर तरंगत ठेवायला वेग सुमारे १५ टक्के जास्त लागतो. एकीकडे आठपट धोका, दुसरीकडे १५ टक्क्यांची गरज. दाणा मोठा झाला म्हणून जोरात ढवळायचं, ही सवय या दोन आकड्यांपुढे टिकत नाही.

झ्वीटरिंगची कसोटी साधी आहे: कुठलाही कण तळावर एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकता कामा नये, तो वेग पुरेसा. लॅबच्या काचेच्या भांड्याखाली टॉर्च धरून पाहिलं, तर आमच्या मालाला २४० आरपीएम लागत होते. प्लँटच्या मापाला सूत्र लावलं तर २२ निघाले. पण हे सूत्र आंधळेपणाने वापरायचं नसतं. आमच्या रिॲक्टरमध्ये एकच बॅफल (द्रव नुसता गोल फिरू नये म्हणून लावलेली पट्टी), तळाशी व्हॉल्व्हच्या तोंडाचा खळगा, आणि क्रिस्टल गोल नसून काड्या. म्हणून आम्ही ३० पासून सुरुवात केली.

३० आरपीएम फसलं. रात्रभर सगळं छान दिसलं, सकाळी खालचा व्हॉल्व्ह उघडला तर थेंब येईना. व्हॉल्व्हच्या तोंडावर माल बसून दगडासारखा घट्ट झाला होता. खालून नायट्रोजन सोडून तो फोडण्यात दोन तास गेले, आणि त्या दोन तासांत प्रॉडक्शनचा माझ्यावरचा विश्वासही बराच गेला. पुढच्या खेपेला वरून आणि तळातून असे दोन नमुने मोजपात्रात घेऊन शेजारी ठेवायला लागलो. दोन्हींत बसलेल्या मालाची उंची सारखी आली की ढवळणं पुरतं आहे. ४२ आरपीएमला ती सारखी आली.

मेंटेनन्सचा प्रश्नही रास्त होता. ९० वरून ४२ वर यायचं म्हणजे मोटर व्हीएफडीवर, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर, सुमारे २३ हर्ट्झला चालवायची. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तोही निम्म्या वेगाने फिरणार, मग मोटर तापणार नाही का? आणि आमचा भाग सॉल्व्हंटचा, मोटर फ्लेमप्रूफ. अशी मोटर व्हीएफडीवर चालवायला मान्यता आहे की नाही, हे तिच्या प्रमाणपत्रावर पाहूनच पुढे जावं लागतं. ते पाहिलं. तापण्याबद्दल उत्तर असं की ढवळण्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने कमी होते. ४२ ला ती ९० च्या जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येते. बॉडीचं तापमान आठवडाभर लिहून ठेवलं, ते चढलं नाही.

इथपर्यंत मी ॲजिटेटरलाच मुख्य आरोपी धरून चालले होते. ते पूर्ण बरोबर नव्हतं. स्लरी फिरवणाऱ्या पंपाचा हिशेब मी शेवटी केला, आणि तो आधी करायला हवा होता. २०० मिलिमीटरचा इंपेलर, २,९०० आरपीएम: टोकाचा वेग सेकंदाला ३० मीटर. ॲजिटेटरच्या सहापटीहून जास्त. पंप ताशी १२ घनमीटर ओढत होता आणि बॅच ५ घनमीटरची. दहा तासांत प्रत्येक क्रिस्टल सरासरी २४ वेळा त्या पंपातून जात होता. ॲजिटेटरजवळून जाणारा क्रिस्टल निदान बऱ्याचदा चुकून सुटतो, पंपात सुटायला जागा नाही.

दोघांचा वाटा वेगळा काढायला एक बॅच पंप बंद ठेवून आणि ॲजिटेटर ९० वरच ठेवून थांबवली. गाळायला सात तास लागले. दुसरी, पंप बंद आणि ॲजिटेटर ४२ वर, पाच तास. जास्त नुकसान पंपच करत होता. जो पंप लाइन चोक होऊ नये म्हणून लावला होता, तोच चुरा करून फिल्टर चोक करत होता.

पंप काढून टाकला. एएनएफडी एक मजला खाली होता, त्यामुळे स्लरी स्वतःच्या वजनाने आणि थोड्या नायट्रोजनच्या दाबाने उतरते. काटकोनातले दोन एल्बो काढून मोठ्या वळणाचे बेंड टाकले. बॅच उतरली की लगेच मदर लिकरने लाइन धुवायची, मग ती चोक होत नाही. एएनएफडीच्या पात्याबद्दल थोडक्यात: ओल्या केकमध्ये ते सतत फिरवलं की तिथेही दाणा दळला जातो. आता सुरुवातीचे तास व्हॅक्युम आणि जॅकेटची ऊब यांवरच सुकवतो, पातं अधूनमधून, काही मिनिटांपुरतं.

साखरेच्या धंद्यात हे शहाणपण फार जुनं आहे. शेवटच्या मॅसेक्विटच्या, म्हणजे दाणा आणि मळी एकत्र असलेल्या घट्ट पाकाच्या, क्रिस्टलायझरमधली फिरकी इतकी हळू फिरते की नवख्याला ती बंदच वाटते. सतत चालणाऱ्या सेंट्रिफ्युगल मशीनमधून दाणा वेगाने बाहेर फेकला जाऊन भिंतीवर आपटतो आणि फुटतो, म्हणूनच ही मशीन बी आणि सी, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या उकळीच्या, मॅसेक्विटला लावतात. विक्रीच्या साखरेचा दाणा सहसा बॅच मशीनवर काढतात. खडीसाखरेला तर ढवळणं मुळीच नाही, पाकात दोरे सोडून भांडं न हलवता ठेवायचं. हे सगळं मला माहीत होतं, पण औषधाच्या प्लँटवर आल्यावर ते घरी ठेवून आले होते.

वेग कमी केल्याची किंमतही सांगायला हवी. भिंतीपाशी उष्णता जाण्याचं प्रमाण घसरतं. ४२ आरपीएमला आतल्या बाजूचा गुणांक ९० च्या सुमारे ६० टक्के राहतो. घाई करून जॅकेटमध्ये फार गार ब्राइन सोडलं तर भिंतीवर मालाचा थर चढतो. आम्हाला हे जड गेलं नाही, कारण दाणा वाढण्याच्या काळात कुलिंग मुळातच सावकाश होतं. सीड टाकण्याआधी द्रावणात मोडण्यासारखं काहीच नसतं, तेव्हा ९० च ठेवलं. सीड नीट पसरलं की ४२. ज्यांचा माल पटकन थंड करावा लागतो, त्यांना हा सौदा इतका स्वस्त पडणार नाही.

बदल मंजूर करण्याच्या, चेंज कंट्रोलच्या मीटिंगमध्ये क्यूएने (गुणवत्ता हमी विभागाने) विचारलं की हा माल पुढे दळायचाच आहे, मग दाणा जपायचा कशाला? प्रश्न नेहमीचा आहे आणि मला तो पटत नाही. दळायचा तो शुद्ध, धुतलेला, कोरडा माल. गाळण्याआधी झालेला चुरा अशुद्धी धरून ठेवतो, ती दळल्याने जात नाही.

सगळ्यात मोठा बदल मात्र यंत्रात नव्हता. काकांनीच विचारलं, "थांबायचंच असेल तर दाणा पडायच्या आधी थांबवली तर?" गरम, स्वच्छ द्रावणात क्रिस्टलच नसतो, मग ढवळून मोडणार काय? अडचण एकच, गरम राहून मालाचं विघटन होईल का. क्यूसीने (तपासणी विभागाने) बारा तासांपर्यंत दर दोन तासांनी नमुने तपासले. अशुद्धी हलली नाही. तेव्हापासून दुसरी बॅच गरम द्रावणातच वाट पाहते, फिल्टर मोकळा होण्याचा अंदाज घेऊन सीड टाकतो, आणि कुलिंग संपेपर्यंत एएनएफडी रिकामा झालेला असतो. कधी गणित चुकलंच तर थंड स्लरी तास-दोन तास ४२ वर थांबते. ओळीने तीन बॅचेस अशा काढल्या. गाळायला पावणेपाच, साडेचार आणि पावणेपाच तास. अशुद्धी पहिल्या बॅचइतकीच, काठापासून दूर.

एक धोका मात्र नवा आला. जुलैत एका रात्री वीज गेली आणि जनरेटर घेईपर्यंत वीस मिनिटं ॲजिटेटर बंद राहिला. पूर्वी ९० वर चालणाऱ्या दणकट ढवळण्याने बसलेला माल उचलला असता. ४२ ला तो उचलला जाईना, आणि जोर लावला तर काचेच्या अस्तराला आणि गिअरबॉक्सला धोका. काकांनी तळाच्या व्हॉल्व्हमधून नायट्रोजनचे हलके बुडबुडे सोडायला लावले, दर मिनिटाला ॲजिटेटर दोन-तीन सेकंद फिरवून पुन्हा बंद केला. माल थर थर करत सुटत गेला. चाळीस मिनिटांनी वरचा आणि तळाचा नमुना सारखा आला, तेव्हा त्यांनी बटण ४२ वर सोडलं. ही पद्धत आता एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, लिहिली आहे, आणि वेळेचा आकडा त्या रात्री त्यांच्या घड्याळाने जो दाखवला तोच आहे.